इंजिन किती भरलं

आमच्या मुरबे गावात मासळी कधी वजनावर विकली गेली नाही. पापलेट नगावर, बोंबील टोपलीवर, जवळा मापाने. वाण्याच्या दुकानात एक तराजू होता, पण तो गूळ, चहापत्ती आणि फार तर दोन शेर कांदे एवढ्यापुरता. त्यामुळे माणसापेक्षा जड वस्तू तोलायची पाळी गावावर कधी आली नव्हती. ती आणली माझ्या बाबांनी, एका जुन्या मोटारीचं इंजिन घेऊन. त्या इंजिनाची गोष्ट गावात अजून सांगतात आणि अजून चुकीची सांगतात. मी समोर असले की सांगणारा मध्येच गप्प होतो. त्याला वाटतं मला वाईट वाटेल. वाईट वाटायचं ते केव्हाच वाटून झालं. आता मला फक्त राग येतो.

बाबा मूळचे घिवलीचे, मच्छीमाराच्या घरातले. पण त्यांना समुद्र लागायचा. होडी खाडीच्या बाहेर पडली की ओकाऱ्या सुरू. मच्छीमाराच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर गावाला वर्षभराची करमणूक झाली. शेवटी वैतागून ते पालघरला गेले. तिथे भाताची गिरणी असलेल्या एका शेठजींची मोटार धुवायला लागले, आणि धुता धुता ती चालवायलाही शिकले. शेठजींची बेटेगावला वाडी होती, चिकू आणि नारळाची. वाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मोटार आमच्या शेजारीच, पत्र्याच्या पडवीत.

मोटार विलायती होती, लढाईच्याही आधीची. काळा रंग, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, पुढून दांडा घालून फिरवला की खोकत खोकत चालू व्हायची. सकाळी बाबा आधी तिची विचारपूस करायचे, मग आमची. आई म्हणायची, मला ताप आला तर हे आधी हिच्या नाकाला हात लावून बघतील. बाबांना ते पटायचंही. त्या इंजिनाचा प्रत्येक खिळा त्यांनी आयुष्यात कितीदा तरी काढून, पुसून परत बसवला होता.

साठ सालानंतर शेठजी गेले. त्यांची मुलं मुंबईला. तारापूरच्या बाजूला वीज बनवायच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं, रस्त्यावर दिवसभर ट्रक, आणि जमिनींना एकदम मोल आलेलं. मुलांनी वाडी विकायला काढली. मोटारीचे टायर तोवर गेले होते, गाद्यांत उंदरांनी घरं केली होती. बाबांना ते म्हणाले, काका, तुम्हाला काय पाहिजे ते घेऊन जा. बाबांनी इंजिन तेवढं सोडवून घेतलं आणि बेटेगावातच लहानसं घर भाड्याने घेतलं. बाकीच्या मोटारीत पुढे कुणाच्या तरी कोंबड्या राहिल्या.

मी तेव्हा लग्न होऊन मुरब्याला आले होते. सासरे नव्हते. घरात सासूबाई, आमचे हे आणि मी. ह्यांची शिडाची होडी होती, बापाकडून आलेली. होडी चांगली होती आणि हे तिच्यावर जीव टाकायचे, पण दिवस शिडाचे राहिले नव्हते. पलीकडे सातपाटीला एकेका होडीला इंजिन लागत होतं. इंजिनवाले वाऱ्याची वाट बघत नसत. ते मासळी घेऊन आधी पोचायचे, आणि आमची होडी वारा पडला म्हणून समुद्रातच खोळंबलेली. ही किनाऱ्याला लागेपर्यंत गिऱ्हाईक उठून गेलेलं असायचं. नवं इंजिन घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. येत्या हंगामात काही झालं नाही तर होडी विकायची आणि ह्यांनी तारापूरच्या बांधकामावर घमेली उचलायला जायचं, हे घरात जवळजवळ ठरलंच होतं. जवळजवळ म्हणते, कारण मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. हे दुपारी होडीजवळ जाऊन तिच्या फळ्यांवर हात फिरवत बसायचे. ते बघवत नसे.

माझ्याकडून हे बाबांना कळलं. त्यांनी दोन दिवस विचार केला असेल. मग ज्येष्ठात, रस्त्याचा चिखल व्हायच्या आत, बैलगाडीत इंजिन घालून ते मुरब्यात हजर झाले. गोणपाटात गुंडाळलेलं, वर नारळाच्या झावळ्या. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. लग्नात जावयाला द्यायचं राहून गेलं होतं ते आता देतो, असं बाबा हसत हसत म्हणाले. समुद्राने त्यांना एकदा परत पाठवलं होतं. आता आपलं इंजिन समुद्रात जाणार याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मला तो आनंद अजून आठवतो आणि गलबलून येतं.

मोटारीचं इंजिन होडीत बसवणं सोपं नसतं. मधला दांडा, पाठीमागचा पंखा, समुद्राचं पाणी आत घेऊन इंजिन थंड ठेवायची नळी, हे सगळं बाबांनी पालघरच्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं. पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं, ही युक्तीही त्यांचीच. पण त्याआधी एक प्रश्न होता: इंजिनाचं वजन किती?

का, ते सांगते. शिडाच्या होडीच्या तळाशी दगड भरलेले असतात. शिडात वारा भरला की होडी कलंडू नये म्हणून हा भार. आता इंजिन बसवायचं म्हणजे होडीत नवा भार येणार. मग तेवढ्याच भाराचे दगड काढायला हवेत, नाहीतर होडी जड होऊन पाण्यात खाली बसणार आणि इंजिनाचा फायदा राहणार नाही. इंजिन जेवढं भरेल तेवढे दगड बाहेर, असा ह्यांचा हिशोब.

एरवी आमच्याकडे अशी गोष्ट होडीच सांगते. वस्तू होडीत ठेवायची, पाणी कुठवर चढलं तिथे खूण करायची, वस्तू काढायची आणि खूण गाठेपर्यंत दगड भरायचे. पण पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. एका इंजिनासाठी भर आषाढात होडी परत पाण्यात कोण ढकलणार? बोईसरला गवताच्या वखारीत मोठा काटा होता, पण वखार दिवाळीनंतर उघडायची, गवत कापलं गेल्यावर. तेव्हा बाबा म्हणाले, आपणच काटा करू.

आमच्या अंगणाशेजारी चिंच होती. तिच्या आडव्या फांदीला त्यांनी जाड दोर बांधला आणि त्यात एक सागाचा वासा मधोमध अडकवला. मध्य बरोबर साधायला त्यांचा अर्धा दिवस गेला. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला मिठाच्या गोण्या. मिठागरवाल्याकडून त्यांनी गोण्या मागून आणल्या होत्या, एकेक दोन मणांची. आता ह्यात गंमत अशी की तेव्हा नुकतेच किलो आले होते. वाणी किलो म्हणायचा, मिठागरवाला मण म्हणायचा, आणि बाबांचं सगळं इंजिनज्ञान शेठजींच्या मोटारीच्या पुस्तकातलं, म्हणजे पौंडांत. ते पुस्तक केव्हाच वाळवीने खाल्लं होतं. बाबा बोटांची पेरं मोजत पौंडांतून मणांत यायचे, मणांतून किलोत जायचे आणि वाटेत हरवायचे. हे म्हणायचे, मामा, तुमी आता कुठल्या राज्यात हाय ते तरी सांगा. सगळे हसायचे, बाबाही.

निम्मा गाव जमला होता. दोन गोण्या चढल्या तरी इंजिन जमिनीवरच. तिसरी गोणी फोडून बाबांनी टोपलीत थोडं थोडं मीठ घालायला सुरुवात केली. वासा हलला, इंजिन जमिनीवरून सुटलं, आणि शेवटी दोन्ही टोकं एका रेषेत येऊन राहिली. सव्वापाच मण. बाबांनी ते मोठ्याने सांगितलं. गर्दीतला कुणीतरी म्हणाला, मामा, पावसात मीठ पाणी पितं, तुमची गोणी सांगता त्याहून जड असेल. बाबा म्हणाले, गोण्या उन्हाळ्यात भरलेल्या हायत, झाकलेल्या होत्या. बोलणं तिथेच संपलं. होडीतले दगड सासऱ्यांच्या वेळी खाणीवरून मणाच्या हिशोबानेच आणलेले होते, त्यातले सव्वापाच मण मग वेगळे काढून ठेवले.

त्यावेळी तिथे गावातले एक म्हातारे तांडेल होते. सासऱ्यांच्या बरोबरीचे, आयुष्यभर होडीचं सुकाणू धरलेले. सासूबाई त्यांना चहा देत होत्या, मी पेले घेऊन मागे उभी होते, म्हणून त्यांचं बोलणं आम्ही दोघींनी ऐकलं. ते ह्यांना म्हणाले, दगड एवढ्यात काढू नको, एक महिना दोन्ही भार घेऊन चालव, होडी काय म्हणते ते बघ, मग काढ. ह्यांनी हसून उत्तर दिलं की बैलही जुंपायचे आणि वर गाडीत धोंडेही भरायचे, मग शिडानेच चालवतो की. बाबांनी त्यात तोंड घातलं नाही. वजन मी सांगितलं, होडीतलं मला काय कळतं, दगडांचं तुम्ही ठरवा, एवढंच ते म्हणाले. हे उतावळे होते, पण वाईट नव्हते. त्यांना सहा वर्षं दुसऱ्यांच्या मागून यायची सवय झाली होती आणि आता एकदा पुढे जायचं होतं.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. इंजिन पहिल्या फिरवण्यात चालू झालं. किनाऱ्यावर उभे असलेले बाबा डोळे मिटून आवाज ऐकत होते. त्यांना होडीत चला म्हटलं तर म्हणाले, मला इथेच ओकारी यायला लागली हाय.

पुढचे दिवस सुखाचे गेले. एवढं सरळ लिहिलं की खोटं वाटतं, पण खरंच सुखाचे. आमची होडी पहिल्या चार-पाचात यायला लागली. हे घरी आले की रॉकेलचा वास यायचा, आणि सासूबाई नाक मुरडून म्हणायच्या, मासळीचा वास बरा होता बाबा. तारापूरचं नाव कुणी काढेनासं झालं. एका दुपारी ह्यांनी मला खाडीतून चक्कर मारून आणली. बायकांनी होडीत बसायची पद्धत नव्हती, पण हे म्हणाले, इंजिन तुझ्या बापाचं हाय, तुला कोण अडवतो. मी काठ घट्ट धरून बसले होते. होडी वळताना जरा जास्तच झुकायची, उठायला वेळ घ्यायची. मला त्यातलं काय कळणार? मला वाटलं इंजिनाच्या होड्या अशाच वळत असतील.

भाद्रपदात, एका ढगाळ दुपारी, होडी परत येत होती. त्या दिवशी मासळी लागली नव्हती. तळ रिकामा आणि भिजलेली जाळी वर ढीग करून ठेवलेली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, तिथे लाट आडवी येते. आजवर शेकडो वेळा आली असेल. त्या दिवशी आली तेव्हा हे इंजिनावर वाकले होते. होडी कलंडली आणि यावेळी उठलीच नाही. बरोबरचे दोघे पोहून आले. हे आले नाहीत. ओहोटीला होडी वाळूवर उताणी सापडली, आणि तिच्याखाली जाळ्यात हे.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मला येत नाही.

माणूस गेला की लोकांना कारण लागतं. आमच्या लोकांना ते दुसऱ्या दिवशीच सापडलं. मिठाने पाणी प्यायलं होतं. गोण्या ओल्या, म्हणजे सांगितल्यापेक्षा जड, म्हणजे इंजिनही सांगितल्यापेक्षा जड. डांबरावरच्या, मोटारी हाकणाऱ्या माणसाने वजन चुकीचं सांगितलं, होडीला भार झेपला नाही, आणि जावई घालवला. बाया-बाप्ये सगळे एकच बोलत होते. ज्याने तोलताना गर्दीत मिठाचं सहज म्हटलं होतं तो आता मी आधीच सांगितलं होतं म्हणून मिरवत होता. मला त्याचं तोंड फोडावंसं वाटायचं.

बाबा आले होते त्या दिवशी अंगणाच्या कडेला बसून राहिले. आमच्याकडे परका माणूस उंबऱ्याशी आला तरी आधी तांब्याभर पाणी पुढे येतं. त्यांच्यापुढे कुणी पाणी ठेवलं नाही. मी उठले तर बायकांनी मला खाली बसवलं. बाबांच्या कानावर सगळं आलं होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना ते पटलं होतं. तेराव्याला त्यांना निरोप गेला नाही. सासूबाई त्यांच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत, पण घरात त्यांचा विषय निघाला की उठून जायच्या. त्या रडतही नव्हत्या. मुलगा गेला तेव्हापासून एकदाही नाही. ताठ बसून सुकी मासळी निवडत राहायच्या, आणि मला त्यांची भीती वाटायची.

माहेरहून आईचे निरोप यायचे. बाबा जेवत नाहीत. बाबा वाटेत भेटेल त्याला मीठ किती पाणी पितं ते विचारतात. एकदा मूठभर मीठ ताटलीत घालून ओसरीवर ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघत बसले. मला दोन्हीकडून ओढ होती. नवरा गेला होता, आणि आता बाप जित्तेपणी चालला होता. नवऱ्याचं काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. बापाचं होतं. त्यांच्या डोक्यावरचा हा दोष उतरावा, त्यांनी पुन्हा एकदा आमच्या उंबऱ्यात यावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. दुसरं काही मागायला देवाकडे तोंड राहिलं नव्हतं.

दसऱ्यानंतर एकदा ते म्हातारे तांडेल मला किनाऱ्यावर भेटले. वाळत घातलेल्या बोंबलांजवळ मी एकटीच होते. ते खाली बसले. मग म्हणाले, "वजनाचा काय नाय, पोरी. दगड होते तळाला. इंजिन बसला कंबरेवर. वजनाला वजन काढला, पन खालचा काढला आनि वर ठेवला. होडीचा पोट रिकामा झाला. ती कशी उठणार?"

मी विचारलं, मग तुम्ही लोकांना का सांगत नाही. ते म्हणाले, ज्याला सांगायचं होतं त्याला तेव्हाच सांगितलं होतं, आता त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू. आणि इंजिन खरंच जास्त भरत असेल तर? मग म्हाताऱ्याने मेलेल्या पोराला नावं ठेवली असं होईल. ते उठून गेले. मी बोंबील उलटत राहिले.

दिवाळी झाली. गवत कापून झालं, बोईसरची वखार उघडली. बाबांचा निरोप आला: इंजिन वखारीच्या काट्यावर घालायचं आहे. चुकलो असेन तर नक्की कळू दे. होडी लोकांनी केव्हाच सरळ करून ओढून आणली होती. इंजिन काढून खाडीच्या काठी टाकलं होतं, कुणी त्याला हात लावत नव्हतं. बाबा बैलगाडी घेऊन आले. घराकडे आले नाहीत. काठावरच बसून त्यांनी इंजिन साफ केलं. आतली वाळू काढली, गंज खरवडला, सांध्यांतलं शेवाळ चिंध्यांनी पुसलं. तोललं होतं तेव्हा जसं होतं तसंच ते काट्यावर जायला हवं, म्हणून. ज्या इंजिनापायी जावई गेला ते माझे बाबा पूर्वीसारखंच सांभाळून पुसत होते. सासूबाई दारातून हे बघत होत्या.

मी बाबांबरोबर बोईसरला जाऊ का असं विचारायला आत गेले. माझ्यासारखंच सासूबाईंनीही तांडेलांचं बोलणं त्या दिवशी ऐकलं होतं, हे मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. मुलाने हसून दिलेलं उत्तरही नाही. इंजिन जड निघालं तर दोष माझ्या बापाचा. बरोबर निघालं तर मग दगड कुणी काढले? हे ओझं दोन-अडीच महिने त्या मासळी निवडता निवडता एकट्याच वाहत होत्या. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा. वजन चुकला असंल तं येऊन मना सांग. बरोबर असंल तं नको सांगू."

बेटेगावच्या रस्त्याने आम्ही बोईसरला गेलो. बाबा बैलांच्या जवळ चालत होते, मी मागे. स्टेशनाजवळ वखारीत गवताच्या गाठींचे डोंगर लागलेले, हिंदी बोलणारे हमाल, सगळीकडे गवताची धूळ. गवताच्या काट्यावर मोटारीचं इंजिन बघून हमालांना हसू आलं. मग कुणीतरी त्यांना हळूच काहीतरी सांगितलं असणार, कारण ते एकदम गप्प झाले. चौघांनी उचलून इंजिन काट्यावर ठेवलं.

मुनीम एकेक वजन दुसऱ्या बाजूला चढवत होता. मी वखारीच्या खांबाला धरून उभी होते. आजवर मनात एकच होतं की बाबांचं बरोबर निघावं. पण तिथे उभी राहिल्यावर सासूबाईंचं बोलणं आठवलं. बरोबर निघालं तर माझा नवरा स्वतःच्या हाताने मेला. चुकीचं निघालं तर माझ्या बापाने त्याला मारलं. ह्या दोघांतलं मी काय मागू? दोघेही माझेच होते. मी काहीच मागितलं नाही. डोळे मिटून घेतले आणि लोखंडावर लोखंड ठेवल्याचे आवाज ऐकत राहिले.

मुनीमाने किलोत आकडा सांगितला. बाबांना तो कळला नाही. मणांत सांगा, ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मुनीमाने पुन्हा विचारलं काय म्हणून. मग त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाला, सव्वापाच मण समजा, शेरभर इकडेतिकडे. बाबा म्हणाले, परत एकदा. त्याने कुरकुर न करता सगळी वजनं उतरवली आणि परत चढवली. तेवढंच भरलं.

बाबा गवताच्या गाठीवर बसले. "माझा चुकला नाय," ते म्हणाले, आणि सगळ्या हमालांसमोर तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मी त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. माझा बाप माणसात परत आला होता. आणि त्याच वेळी दोष माझ्या नवऱ्यावर जाऊन बसला होता. हमालांपैकी एकाने पाणी आणून दिलं. बाबांनी तांब्या तोंडाला लावून सगळं पाणी संपवलं, डोळे पुसले आणि मग विचारलं, मग होडी का गं उलटली?

मी म्हटलं, लाट मोठी होती, बाबा.

त्यांनी मान हलवली. त्यांना होडीतलं काही कळत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. इंजिन आम्ही तिथेच वखारीच्या आवारात सोडलं. नंतर त्याचं कुणी काय केलं ते मला माहीत नाही. बाबा बेटेगावला थांबले, घरी जाऊन जेवतो म्हणाले. मी एकटी मुरब्याकडे चालत निघाले, आणि वाटभर माझ्या नवऱ्याशी भांडत होते. एक महिना थांबला असतात तर काय बिघडलं असतं. एक महिना. मग रडत होते, मग पुन्हा भांडत होते. वाटेतल्या बायकांनी मला बघितलं असेल. बघू दे.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सासूबाई दाराशी सूप घेऊन बसल्या होत्या. मी पाय धुतले. आत जाऊन लुगडं बदललं. बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या सुपातली मासळी निवडायला लागले. त्यांचे हात थांबले होते. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला ते जाणवत होतं, तरी मी मान वर केली नाही. सांगण्यासारखं काही असतं तर मी उंबऱ्याच्या बाहेरूनच सांगितलं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्या वाट बघत राहिल्या. मी निवडत राहिले. शेजारणीने हाक मारली, तिला दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुझ्या बापसाला आयतवारी जेवाला बोलाव," त्या म्हणाल्या.

एवढं बोलून त्या उठायला गेल्या, पण त्यांना उठता आलं नाही. इतके दिवस माझ्या बापावरच्या रागाने त्यांना उभं धरलं होतं, आणि तो राग मी त्या संध्याकाळी गप्प बसून त्यांच्याकडून काढून घेतला होता. त्या माझ्या खांद्याला धरून परत खाली बसल्या आणि आपल्या मुलाला नावाने हाका मारायला लागल्या.